सायकल, तंबू आणि आपली माणसं: लांबच्या सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या आतापर्यंत पाच मोठ्या सहली झाल्या. कधी घरचे चौघंच होतो, कधी मित्रांची दोन कुटुंबं जोडीला होती. परत आलो की ओळखीचे लोक तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. क्रम सुचेल तसा आहे.

रोज किती किलोमीटर धरायचे?

मनात जो आकडा आला असेल त्याचा निम्मा करा. चेष्टा नाही. रिकाम्या सायकलवर एकट्याने ८० किमी सहज मारणारा माणूस तंबू, भांडीकुंडी आणि पोरं घेऊन निघाला की ४० ते ५० वर येतो. चालवताना वेग तासाला १५ किमी दिसत असला तरी दिवसाचा हिशेब तासाला १० नेच करायचा. उरलेला वेळ पंक्चरमध्ये, पाणी भरण्यात, "मला सू लागली"मध्ये आणि रस्त्याकडेच्या गोगलगाईकडे बघण्यात जातो. स्वतःची सायकल चालवणारं आठ-दहा वर्षांचं मूल दिवसाला २५ ते ३५ किमी आनंदाने करतं. त्याच्या पुढेही ते जाईल, पण आनंदाने नाही.

चढाचा हिशेब वेगळा ठेवा. १०० किमीत १००० मीटर चढ असेल तर तो डोंगराळ रस्ता समजायचा. आम्ही दर १०० मीटर चढाला पाच किमी जादा धरतो. हा ठोकताळा आमचाच आहे, पण अजून फसलेला नाही.

पहिल्या सहलीत आम्ही रोजचे ७० किमी आखले होते. तिसऱ्या दिवशी अंधारात तंबू ठोकत होतो आणि थोरला रस्त्याकडेला हेल्मेट न काढताच बसून राहिला होता, कुणाशी न बोलता. चौथ्या दिवशी आम्ही नकाशा घेऊन उरलेली सगळी सहल निम्मी केली. तेव्हापासून पहिला दिवस सगळ्यांत छोटा, दुपारी तीनच्या सुमारास मुक्कामी, आणि दर चौथा दिवस सायकलला हात न लावण्याचा.

मूल किती वर्षांचं झालं की नेता येतं?

मान धरून, हेल्मेटचं वजन पेलून नीट बसता येईपर्यंत नाही. म्हणजे साधारण एक वर्षानंतरच, आणि तेही आपल्या डॉक्टरांना विचारून.

पुढचे पर्याय वयाप्रमाणे बदलतात. मागच्या बालसीटला बहुधा २२ किलोची मर्यादा असते आणि तो आकडा सीटवरच लिहिलेला असतो. या सीटचा धोका चालताना कमी, उभं असताना जास्त. मुलाला सीटमध्ये ठेवून सायकल स्टँडवर सोडू नका, अगदी अर्धा मिनिटसुद्धा नाही. लहानग्यांसाठी मागे जोडायचा ट्रेलर लांबच्या सहलीत उत्तम. त्यात झोप होते, खेळणी मावतात, पावसाचं झाकण असतं. मात्र उतारावर तो सायकलला मागून ढकलतो, त्यामुळे ब्रेक लवकर धरायची सवय लागते. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: तुम्ही घामाने निथळत असता आणि ट्रेलरमधलं मूल स्वस्थ बसून गारठलेलं असतं. स्वतःच्या अंगाच्या उबेवरून त्याच्या कपड्यांचा अंदाज बांधू नका, थांबून मानेला हात लावून बघा.

चार ते आठच्या दरम्यान मोठ्याच्या सायकलला मागे जोडायची एकचाकी अर्धसायकल असते. मूल पायडल मारतं किंवा मारल्याचं नाटक करतं. आमची धाकटी एका लांबलचक चढावर माझ्या मागे दोन्ही पाय वर घेऊन गाणी म्हणत होती, हे मला वर पोहोचल्यावर कळलं.

यासाठी नवी सायकल घ्यावी लागेल का?

बहुतेक वेळा नाही. आहे तीच सायकल तीन गोष्टींसाठी तपासा.

कॅरिअर बसवायला फ्रेमवर स्क्रूची भोकं आहेत का? कार्बन फ्रेमवर पट्टे आवळून कॅरिअर बसवायचा जुगाड करू नका. दुसरं, गिअर. पुढच्या सगळ्यांत लहान चक्राचे दात मागच्या सगळ्यांत मोठ्या चक्राइतके किंवा त्याहून कमी असावेत. पुढे ३० आणि मागे ३४ म्हणजे सामानासकट चढ बसून चढता येतो. पुढे ३९ आणि मागे २५ असेल तर ढकलायची तयारी ठेवा. तिसरं, टायर. ३२ मिमीच्या खाली जाऊ नका. ४० ते ५० मिमी रुंद टायर मावत असतील तर त्यासारखं सुख नाही.

टायरच्या कडेला ३७-६२२ असे आकडे असतात. पहिला रुंदीचा, दुसरा रिमच्या मापाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. सगळ्यांच्या टायरचे आकडे निघण्याआधी एका कागदावर उतरवून घ्या. ६२२ ची ट्यूब २० इंची सायकलच्या ४०६ च्या रिमला चालत नाही हे भर उन्हात समजण्यात मजा नाही. हवा भरायचे तोंडही दोन प्रकारचे असते, जाड आणि बारीक. पंप दोन्हीला चालणारा घ्या.

सर्व्हिसिंग निघायच्या दोन आठवडे आधी करा, आदल्या दिवशी नको. नव्या केबल ताणतात, नवे स्क्रू थोडे ढिले होतात. ते घराजवळ होऊ द्या.

सामान किती न्यायचं?

थॉमस स्टीव्हन्स १८८४ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलवर निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरात योकोहामाला पोहोचून त्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. त्याच्याकडे मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल आणि एक रेनकोट होता. तोच रेनकोट तंबू आणि तोच अंथरूण. त्याच्याबरोबर पोरं नव्हती, हे ध्यानात घ्या.

आपल्यासारख्यांना मोठ्या माणसामागे तंबू-स्वयंपाकासकट १५ ते २० किलो पुरतात. मागच्या कॅरिअरवर किती वजन चालतं ते त्यावर कोरलेलं असतं, बऱ्याच वेळा २५ किलो. जड वस्तू खाली आणि चाकाच्या आसाजवळ, हलक्या वर. सगळं मागे लादलं तर पुढचं चाक चढावर हलकं पडतं आणि उतारावर हँडल थरथरतं. थोडं वजन पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना खाली लटकवा. पाठीवर सॅक घेऊन चालवू नका, दुसऱ्या दिवशी खांदे आणि बूड दोन्ही तक्रार करतात. मुलांच्या सायकलवर त्यांची स्लीपिंग बॅग आणि एखादं खेळणं, बस.

घरी सगळं भरून, लादून एक पूर्ण दिवस चालवून या. परतल्यावर ज्याला हात लागला नाही ते बाहेर काढा. (औषधं आणि पंक्चरचं साहित्य सोडून!)

तंबू कसा निवडायचा? आणि थंडीचं काय?

तंबूवर "तीन माणसांचा" लिहिलं असेल तर तो दोन माणसं आणि त्यांच्या बॅगांचा असतो. एका अवाढव्य तंबूपेक्षा दोन छोटे बरे. वजन वाटून घेता येतं, बारक्या जागेत मावतात आणि एकाची काठी मोडली तर सगळ्यांची रात्र मोडत नाही. बाहेरचं कापड आणि आतली जाळी वेगवेगळी असलेला घ्या, नाहीतर श्वासाची वाफ थंड कापडावर जमून पहाटे टपटपते. खोलगट जागी तंबू लावू नका. पाणी तिथेच साचतं आणि थंड हवाही तिथेच उतरून बसते.

थंडीत लोक स्लीपिंग बॅगवर पैसे खर्च करतात आणि खालच्या मॅटवर कंजुषी करतात. अंगाखाली बॅगमधला कापूस किंवा पीस दबून निकामी होतो, जमिनीची थंडी अडवायचं काम मॅटचं. मॅटवर आर-मूल्य लिहिलेलं असतं, म्हणजे ती थंडी किती अडवते त्याचा आकडा: उन्हाळ्यात २ च्या आसपास पुरतं, थंडीत ४ किंवा जास्त हवं. बॅगवर 'कम्फर्ट' आणि 'लिमिट' असे दोन आकडे असतील तर कम्फर्टचाच धरा. लिमिट म्हणजे प्रमाण मानलेला पुरुष अंग मुडपून कशीबशी रात्र काढेल ते तापमान. शिवाय हे आकडे मोठ्या माणसांसाठीचे आहेत, मुलांना तेवढ्याच थंडीत जास्त ऊब द्यावी लागते.

पाऊस लागला तर?

भिजायचं. रेनकोट वारा अडवायला असतो. घाम आणि पाऊस मिळून शेवटी आतून-बाहेरून ओलं होतंच. झोपायचे कपडे आणि स्लीपिंग बॅग मात्र दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा. दिवसभर कितीही भिजलात तरी रात्री कोरडे मोजे मिळाले की माणूस माणसात येतो. दोन्ही चाकांना मडगार्ड लावा, आणि ते स्वतःसाठी नाही, मागच्याच्या तोंडासाठी.

विजा कडाडत असतील तर प्रश्न वेगळा. एकट्या झाडाखाली किंवा तंबूत थांबू नका, पक्की इमारत किंवा बंद गाडी गाठा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच निघा.

स्वयंपाक कशावर करायचा? काय खायचं?

आटे असलेल्या छोट्या गॅस डब्यावर बसणारी शेगडी सगळ्यांत सोपी. ब्यूटेन वायू उणे ०.५ अंशाला द्रव होतो, म्हणून नुसत्या ब्यूटेनचा डबा कडाक्याच्या थंडीत फुरफुरून विझतो. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू राहतो, थंड प्रदेशात प्रोपेन मिसळलेला डबा घ्या. हे डबे विमानात नेता येत नाहीत, पोहोचल्यावरच विकत घ्यावे लागतात. त्यामुळे पहिल्या रात्रीचं जेवण न शिजवता खाता येईल असं ठेवा.

तंबूच्या आत शेगडी पेटवू नका. पाऊस असो, वारा असो, पोरं भुकेने रडत असोत. आगीचा धोका दिसतो तरी, कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. वाऱ्यासाठी आडोसा करतानाही डब्याला चारी बाजूंनी वेढू नका, डबा तापतो.

खाण्याबाबत एकच सांगेन: भूक लागायच्या आधी खायचं. पाऊण-एक तासाने प्रत्येकाच्या तोंडात काहीतरी पडलं पाहिजे. सुका मेवा, केळं, बिस्किट, काहीही. मूल विनाकारण चिडलं की आधी खायला द्या, समजूत नंतर. आमच्याकडे हा नियम मोठ्यांनाही लागू आहे.

पाण्याची खात्री नसेल तर एक मिनिट खळखळून उकळा, २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. कुणाला जुलाब लागले तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मिठाचा अंदाज हाताने घेऊ नका, एक प्लॅस्टिकचा मापाचा चमचा कायम बरोबर ठेवा. तयार पुड्या मिळाल्या तर त्याच बऱ्या.

सगळ्यांचा वेग वेगळा असतो. एकत्र कसं जायचं?

अवघड प्रश्न हाच आहे, बाकीचे सामानाचे आहेत.

पहिल्यांदा आम्ही "वर भेटू" पद्धतीने निघालो. तगडे पुढे जायचे, वळणावर पाय पसरून बसायचे आणि शेवटचा धापा टाकत पोहोचला की "चला, झाली विश्रांती" म्हणून उठायचे. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यांत जास्त गरज, त्याला ती शून्य. दोन दिवसांत माझ्या मेव्हण्याने जाहीर केलं की तो ट्रेनने घरी जातोय. त्याचं बरोबर होतं.

आता आमच्यात शेवटचा माणूस पोहोचल्यापासून विश्रांतीची दहा मिनिटं मोजायची असतात. दर वळणावर पुढच्याने थांबायचं आणि मागचा दिसला, त्याने हात केला, की मगच वळायचं. सरळ रस्त्यावर मोकळीक. मुलांच्या पुढे एक मोठा, मागे एक मोठा. सगळ्यांत शेवटी जो असतो त्याच्याकडे पंप, हत्यारं आणि प्रथमोपचाराची पेटी, कारण बिघाड झालेला माणूस कधीच पुढे नसतो. आणि ज्याच्या पायात जास्त दम, त्याच्या सायकलवर जास्त वजन. तंबू, भांडी, पाणी त्याच्याकडे सरकवत राहा, वेग आपोआप जुळतो. मेव्हण्याकडे आता फक्त चहाचं सामान असतं आणि त्यामुळे त्याला कुणी मागे सोडत नाही.

वारा समोरून असेल तर तगड्यांनी पुढे राहून आडोसा द्यावा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे समोरच्या वाऱ्यात जोर लावण्यापेक्षा वेग सोडून देणं शहाणपणाचं. मोकळ्या सपाट प्रदेशात ऊन तापलं की वारा वाढत जातो. पहाटे निघायचं ते एवढ्यासाठी.

भांडणं होतात का?

होतात. बहुतेक संध्याकाळी पाच ते सात या वेळात, तंबू कुठे लावायचा यावरून. उपाय: मुक्कामाचा निर्णय रोज एकाच माणसाचा, आणि ती पाळी फिरती. ज्याची पाळी, त्याने निवडलेल्या जागेला त्या रात्री नावं ठेवायची नाहीत. पाळी मुलांनाही द्या. खर्चासाठी सगळ्यांनी निघताना सारखी रक्कम एका पाकिटात टाकायची आणि त्यातूनच द्यायचं. कोण किती खातो हे मोजायला लागलात की मैत्री गेली.

मुक्काम कुठेही करता येतो का?

देशागणिक नियम वेगळे. नॉर्वेत मोकळ्या रानात तंबू लावायचा हक्क १९५७ च्या कायद्याने दिलेला आहे, वस्तीच्या घरापासून १५० मीटर दूर राहायचं. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने असाच जबाबदारीने वावरायचा हक्क आहे, पण तिथेही काही तलावांकाठी परवाना लागतो. बऱ्याच इतर देशांत मात्र परवानगीशिवाय उघड्यावर मुक्काम करता येत नाही. खासगी जमीन असेल तर विचारा. संध्याकाळी उशिरा अंधारात विचारण्यापेक्षा उजेड असताना, हेल्मेट काढून, मुलांना घेऊन विचारलं की होकार लवकर येतो.

शौचाला पाण्यापासून ६०-७० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, नंतर माती. कागद परत आणायचा. यासाठी छोटं खुरपं घेतलं तर मुलांमध्ये ते न्यायची चढाओढ लागते.

मला पंक्चरसुद्धा काढता येत नाही. जमेल?

एक संध्याकाळ घरी बसून तीनदा चाक काढा, ट्यूब बदला, परत घाला. जमलं म्हणून समजा. रस्त्यात पॅच लावत बसू नका, ट्यूब बदला आणि जुनीचं पंक्चर रात्री काढा. पण नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधाच. तो तिथेच राहिला तर पाच मिनिटांत पुन्हा बसाल. (बोट जपून. काचही असते.)

बरोबर काय असावं: दोन-तीन ट्यूब, पॅच, टायर काढायच्या पट्ट्या, ॲलन की, चेन तोडायचं हत्यार आणि चेनची जोडकडी, ब्रेकचे जादा पॅड, गिअरची एक केबल, चाकाच्या मापाच्या चार तारा, चिकटपट्टी, प्लॅस्टिकचे आवळपट्टे. कॅरिअरचे स्क्रू रोज सकाळी एकदा तपासा. त्यातलाच एखादा पडतो आणि बॅग चाकात जाते. मागच्या चाकाची एक तार तुटली तर चाकाला आऊट येतो, म्हणजे ते फिरताना डावी-उजवीकडे डुलतं; शेजारच्या दोन तारा थोड्या ढिल्या करून पुढच्या गावापर्यंत जाता येतं.

विमानासाठी सायकल खोलणार असाल तर लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. आम्ही एकदा वीस मिनिटं ते आवळत होतो, सोडवायचं म्हणून.

लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. रिमला घासणारे ब्रेक रिम तापवतात आणि लादलेल्या सायकलची ट्यूब फुटू शकते. जोरात धरा, सोडा, पुन्हा धरा, आणि अध्येमध्ये थांबून मुलांच्या रिमला हात न लावता जवळून ऊब बघा.

बूड, गुडघे, हात दुखतात. काय करायचं?

पॅडच्या चड्डीखाली दुसरी चड्डी घालायची नाही. शिवणी घासतात आणि तिथेच फोड येतात. रोज धुवा, कोरडी घाला. नवी सीट सहलीच्या तोंडावर बसवू नका.

गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त बदलू नका. जड गिअर रेटण्यापेक्षा हलका लावून मिनिटाला ७०-९० फेरे मारा. करंगळीला मुंग्या आल्या तर तळहाताच्या कडेची नस दबतेय, हात सतत हलवत राहा आणि हँडल थोडं वर घ्या.

फोन कसा चार्ज होणार?

१०,००० मिलिॲम्पिअर-तासांची पॉवर बँक दोन फोन दोन दिवस चालवते, फक्त नकाशा आधी उतरवून ठेवा आणि स्क्रीन बंद ठेवा. विमानात ती हातातल्या बॅगेतच न्यायची. पुढच्या चाकातल्या डायनॅमोवर तासाला साधारण १५ किमी वेग असला की चार्जिंग होतं, म्हणजे चढावर नाही. कागदी नकाशाही घ्या. मुलांना बोट ठेवायला तोच लागतो.

एकाकडे ई-सायकल आहे. चालेल?

चालेल, किंबहुना आजी-आजोबा येणार असतील तर तीच आणा. फक्त ५०० वॉट-तासांची बॅटरी सामान आणि चढासकट जाहिरातीतल्या अंतराच्या बरीच आधी संपते, आणि मुक्कामी वीज हवी. मिळून जाताना ई-सायकलवाला नेहमी मागे ठेवा.

पहिली सहल कुठे करावी?

आधी एका रात्रीची. घरापासून वीस किमी जा, तंबूत झोपा, परत या. निम्मी चुकीची खरेदी तिथेच कळते.

मग नदीकाठ निवडा, आणि पाणी वाहतं त्या दिशेने जा. नदीला समांतर रेल्वे असेल तर उत्तमच, कुणी थकलं की तिकीट काढता येतं. डॅन्यूबकाठी जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंतचा सुमारे ३२० किमीचा रस्ता कुटुंबांत एवढा लोकप्रिय आहे तो याच कारणांनी. तो अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो ६ या मार्गाचा एक तुकडा. सराईत लोक तो पाच-सहा दिवसांत करतात. तुम्ही दहा धरा.

परत आल्यावर काही करायचं असतं का?

तंबू त्याच दिवशी उलगडून वाळत घाला. कितीही दमला असाल तरी. ओला गुंडाळून ठेवला तर आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके येतात आणि तो वास पुढच्या सहलीपर्यंत जात नाही. स्लीपिंग बॅग पिशवीतून काढून सैल टांगा. चेन पुसून तेल द्या आणि गेजने किती ताणली गेलीय ते बघा: ०.७५ टक्क्यांवर गेली असेल तर बदला, नाहीतर मागची चक्रंही बदलावी लागतात. आणि मुलांच्या बॅगांचे बाहेरचे कप्पे आधी तुम्ही उघडा. आमच्या एका कप्प्यात तीन आठवड्यांनी गोगलगाय सापडली होती, जिवंत.